अभियांत्रिकीची पदवी मिळाली, पुढे काय?

आपल्या वस्त्यांमधून आज अनेक मुलेमुली अभियांत्रिकीला जातात. परंतु चौथे वर्ष संपताच मिळेल ती नोकरी धरली जाते. घरावर कर्ज असते, शिकणारी पहिलीच पिढी असते. त्यामुळे यात कुणाचा दोष नाही. मात्र विद्यापीठात पदवीच्या पुढे संशोधनही असते आणि त्यासाठी दरमहा पैसेही मिळू शकतात, हे आम्ही वस्त्यांत काम करताना सांगतो तेव्हा पालकांना ते नवीन वाटते.

बाबासाहेबांनी याचे महत्त्व फार आधी ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर खोरे योजनेची आखणी याच काळातली. अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रज्ञान शिकण्यासाठी सरकारने पैसा द्यावा, अशी मागणी त्यांनी केली. १९४४ मध्ये सुरू झालेली शिष्यवृत्ती आज आपण 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणून ओळखतो.

रायगड जिल्ह्यात, चवदार तळ्याच्या महाडपासून जवळच, लोणेरे येथे त्यांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. १९८९ च्या कायद्याने ते स्थापन झाले. आज राज्यातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. अशा विद्यापीठात बी.टेक., एम.टेक. आणि पीएच.डी. अशा तीन पायऱ्या असतात.

दुसऱ्या पायरीसाठी 'गेट' ही परीक्षा महत्त्वाची. तिसऱ्या वर्षापासून ती देता येते, गुण तीन वर्षे चालतात आणि अनुसूचित जातींच्या उमेदवारांना शुल्क निम्मे असते. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश घेतल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनाची सोय आहे. पीएच.डी.साठी किमान तीन वर्षे लागतात. आधी अभ्यासक्रम, मग मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन, प्रबंध आणि मौखिक परीक्षा. त्यासाठी बार्टीची आणि केंद्राची अधिछात्रवृत्ती आहे. जाहिराती निघतात तेव्हा मुदत थोडी असते, म्हणून संकेतस्थळे पाहत राहावे.

बौद्ध कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. आयआयटीसारख्या केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा आहेत; परंतु तेथे केंद्र सरकारच्या नमुन्यातील जातीचे प्रमाणपत्र लागते. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेले प्रमाणपत्र तेथे चालेलच असे धरून बसू नये. मुलगा किंवा मुलगी तिसऱ्या वर्षाला असतानाच सेतू केंद्रात चौकशी करून अर्ज द्यावा.

विहारात दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आपण करतोच. त्याच दिवशी तासभर गेट आणि अधिछात्रवृत्तीची माहिती द्यावी, एम.टेक. झालेल्या आपल्याच एखाद्या ताईला किंवा दादाला बोलवावे, अशी आमची विनंती आहे.

जयभीम!