पेंढ्यातली साखर आणि साबणाचे भाऊबंद

पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या हिंजवडीत प्राज इंडस्ट्रीजचे मुख्यालय आहे. त्यांच्या तंत्रज्ञानावर पानिपतला इंडियन ऑइलचा, भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना उभा राहिला. ऑगस्ट 2022 मध्ये त्याचे लोकार्पण झाले. आखलेली क्षमता वर्षाला सुमारे 2 लाख टन पेंढा आणि 3 कोटी लिटर इथेनॉल. पण पेंढ्यातल्या सेल्युलोजची आधी साखर व्हावी लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

हे काम सेल्युलेज एन्झाइम करतात, साधारण 50 अंश सेल्सिअसला. पेंढा असो वा उसाचे पाचट, त्यात लिग्निन हा काडीला कडकपणा देणारा घटकही असतो. एन्झाइम त्याला चिकटतात आणि तिथेच अडकतात. एन्झाइम महाग, म्हणजे पैसाच अडकला.

प्रयोगशाळांत पारखलेला एक उपाय म्हणजे पृष्ठसक्रियक, साबणाच्या जातीचे रेणू. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसे ते लिग्निनवर आधीच जाऊन बसतात. एन्झाइम सेल्युलोजसाठी मोकळे राहतात. ढवळताना हवेच्या संपर्काने एन्झाइम निकामी होतात, तेही कमी होते.

मात्र कुठलाही साबण चालत नाही! शाम्पूतले सोडियम लॉरिल सल्फेट एन्झाइमचीच घडण मोडते. विद्युतभार नसलेले, आइस्क्रीममध्येही वापरले जाणारे पॉलिसॉर्बेट 80 चालते. फेस आणि खर्च हे तोटे आहेतच. लिग्निन नसलेल्या शुद्ध सेल्युलोजवर फायदा फारच कमी दिसतो, म्हणून लिग्निन काढून टाकलेल्या मालावर हा खर्च करण्यात फारसे हशील नाही.