ग्रीवा-मज्जारज्जूची इजा

ग्रीवा-मज्जारज्जूची इजा म्हणजे मानेच्या सात मणक्यांतून उतरणाऱ्या मज्जारज्जूला आघातामुळे झालेली हानी होय. इजेच्या पातळीखालील हालचाल, संवेदना व मलमूत्रावरील ताबा पूर्णतः वा अंशतः नाहीसा होतो. चारही हातपाय लुळे पडल्यास त्या अवस्थेस क्वाड्रिप्लेजिया, केवळ पाय लुळे पडल्यास पॅराप्लेजिया म्हणतात.

वाहन-अपघात व उंचावरून पडणे ही भारतातील प्रमुख कारणे आहेत. पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात दुचाकीने पाळीला जाणारे कामगार आणि शेडच्या पत्र्यांवर चढणारे मजूर यांना हे धोके नित्याचे आहेत. अशा जखमीस घाईने उचलून रिक्षात बसविणे घातक ठरू शकते. डोके, मान व धड एका रेषेत स्थिर ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

तिसऱ्या ते पाचव्या ग्रीवा पातळीतून श्वासपटलाच्या नसा निघतात. त्यावरील इजेत कृत्रिम श्वसन लागते. सहावी पातळी शाबूत असल्यास मनगट वर उचलता येते व त्यासरशी बोटे आपोआप मिटतात. एवढ्या पकडीवर चमचा धरता येतो. सातवी शाबूत असल्यास कोपर सरळ करून चाकाच्या खुर्चीत स्वतः सरकणे अनेकांना साधते. म्हणजे एका मणक्याच्या फरकाने परावलंबन व स्वावलंबन ठरते.

तुटलेला मज्जारज्जू आजही जोडता येत नाही. पुनर्वसनाचा भर उरलेल्या शक्तीवर व उपद्रव टाळण्यावर असतो. अंथरुणातील रुग्णास साधारणपणे दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. अन्यथा दाबव्रण होतात. मूत्राशय तुंबल्यास रक्तदाब एकाएकी चढून तीव्र डोकेदुखी होते. अशा वेळी रुग्णास बसते करावे, कॅथेटरची नळी मुडपली आहे का ते पाहावे व तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. घरच्या माणसांना हे शिकविणे औषधाइतकेच महत्त्वाचे असते.

पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या खडकीत जखमी सैनिकांसाठी १९७४पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक मिळविले व पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी केली.

कर्मचारी राज्य विमा योजनेत कामावरील अपघाताने कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास वेतनाच्या ९० टक्के लाभ आजन्म मिळतो. कामाशी संबंध सिद्ध झाल्यास घर ते कारखाना या प्रवासातील अपघातही त्यात मोडतो. कंत्राटी कामगाराची वर्गणी भरण्याची प्राथमिक जबाबदारी मूळ मालकाची असते.