जुन्या ट्रकचे ‘मिसिंग’ : निदान आणि दक्षता

कापसाचा हंगाम सुरू झाला की अकोला व अमरावती जिल्ह्यांतील जिनिंग कारखान्यांकडे भरलेल्या गाड्यांची रीघ लागते. या वाहतुकीतील एखाद्या जुन्या ट्रकचे इंजिन अडखळू लागले, म्हणजेच मिस्त्रींच्या भाषेत ‘मिसिंग’ करू लागले, तर शक्ती घटते, इंधन वाया जाते आणि कापसासारखा ज्वालाग्राही मालही धोक्यात येऊ शकतो.

पेट्रोल इंजिन

डॉज, फार्गो, बेडफर्ड हे पेट्रोलवरील जुने ट्रक आता क्वचितच आढळतात. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. हवेचे प्रमाण याहून बरेच वाढले की मिश्रण विरळ होते व सावकाश जळते. पुढच्या फेरीत इनलेट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत ज्योत शिल्लक राहिल्यास ती कार्बोरेटरमधून मागे भडकते. कापूस वाहणाऱ्या गाडीत हाच खरा धोका होय.

निदान सोपे आहे. चोक किंचित ओढताच इंजिन सुरळीत चालले, तर मिश्रण विरळ आहे असे समजावे. प्लगचे टोक खडूसारखे पांढरे दिसणे हीदेखील त्याचीच खूण. तपकिरी रंग निरोगी ज्वलनाचा. दोष केवळ मंद गतीत जाणवल्यास मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासावे. चढावर वा भार असताना जाणवल्यास जेट, फिल्टर व पेट्रोल पंप पाहावा. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. चोकने फरक न पडल्यास प्लग, पॉइंट व वायरी तपासाव्यात.

डिझेल इंजिन

१९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागले आणि पुढे डिझेलचाच प्रसार झाला. या इंजिनात कार्बोरेटर वा प्लग नसतो. त्यामुळे मिसिंगचे कारण बहुधा नळीत शिरलेली हवा, तुंबलेला फिल्टर किंवा बिघडलेले नोझल हे असते. प्रथम फिल्टर व पंपावरील स्क्रू सैल करून, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत हातपंपाने डिझेल सोडावे. दोष कायम राहिल्यास इंजिन मंद चालवून एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करावा. ज्या सिलिंडरवर आवाज बदलत नाही, तोच दुबळा. मात्र उच्च दाबाचे डिझेल त्वचेत शिरू शकते. म्हणून हात दूर ठेवावा व हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

ही तपासणी माल भरण्यापूर्वी, जिनिंगच्या आवारापासून दूर करावी. थोड्या वेळाची ही दक्षता शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट वाचवू शकते.