यंत्र जागे आहे का?

घरी बसून कचेरीतले यंत्र चालवता येते, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. २०२० साली टाळेबंदी आली आणि आम्हां प्राध्यापक मंडळींनाही ती विद्या शिकावी लागली. मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला ‘रिमोट डेस्कटॉप’ हा शब्द उच्चारतानाही प्रथम जरा अवघडल्यासारखे झाले. पण प्रकार समजला तेव्हा मोठी गंमत वाटली. आपल्याला वाटते, तिकडची फाईल इकडे येते. तसे नाही. काम सारे तिकडच्याच यंत्रात होते. आपण दाबलेली अक्षरे तेवढी तिकडे जातात आणि तिकडच्या पडद्याचे चित्र इकडे येते. धृतराष्ट्राजवळ बसून संजयाला रणांगण दिसत होते. पण तेथून बाण मारण्याची सोय त्याला नव्हती. ती आपल्याला आहे!

ही कल्पनाही काही आजची नव्हे. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेत हॅनोव्हर गावी गणितज्ञांची परिषद भरली होती. तेथे जॉर्ज स्टिबिट्झ यांच्या टेलिटाइपवर गणित टंकले की ते तारेने न्यूयॉर्कमधल्या यंत्राकडे जाई आणि उत्तर त्याच तारेने परत येई. ते यंत्र त्या दिवशी चालू आहे ना, हे न्यूयॉर्कमध्ये कोणीतरी पाहिले असेलच की! पण हा विचार गेल्या दिवाळीपर्यंत माझ्या मनाला शिवला नव्हता.

वसुबारशीचा दिवस. वडिलांच्या खुब्याचे हाड मोडले म्हणून मी पुण्याहून सांगलीला आले होते. ६३ मुलांचे अंतर्गत गुण संध्याकाळी ५ पर्यंत विद्यापीठाकडे भरायचे होते, आणि गुणांची यादी कॉलेजातल्या माझ्या संगणकात! गुण गेले नाहीत तर माझ्या चुकीपायी मुलांचे निकाल अडणार. रुग्णालयाच्या व्हरांड्यात लॅपटॉप मांडीवर घेतला, परवलीचा शब्द दिला, जोडणी मागितली. उत्तर नाही. तीनदा मागितली; तिन्ही वेळा तेच. बंद यंत्र कितीही हाका मारल्या तरी ओ देत नाही.

बंद कोणी केले, हे कळायला वेळ लागला नाही. आमच्या विभागातले शिपाईमामा सुट्टी लागण्यापूर्वी एकूण एक बटण बंद करून जातात. वीज वाचवतात म्हणून त्यांचे कौतुक स्टाफरूममध्ये मीच केले होते!

सणाच्या दिवशी त्यांना फोन करताना जीभ अडखळली. “आलो मॅडम,” एवढेच ते म्हणाले. घरी रंगाचे काम काढले होते, ते तसेच टाकून सायकलीवर निघाले. साडेतीनला त्यांचा फोन आला. “मशीन चालू केलंय मॅडम, पण पडद्यावर काहीच हलेना.”

माझ्यापुढे मात्र यादी उघडली होती. दुरून जोडणी झाली की तिकडच्या पडद्याला कुलूप लागते. जवळच्या माणसाला आपले काम दिसू नये म्हणून ही व्यवस्था. सुमारे २३० किलोमीटरवरून मला सारे दिसत होते, आणि ज्यांनी बटण दाबले त्यांच्यापुढे बंद पडदा! मला हसू आले, आणि लगेच ओशाळल्यासारखेही झाले.

“तुम्ही जा आता घरी,” मी म्हटले.

“मध्येच लाईट गेली तर?” असे म्हणून ते तिथेच बसून राहिले.

पावणेपाचला शेवटचा आकडा भरला आणि त्यांना फोन केला. त्यांनी कामाचे विचारलेच नाही. “वडिलांचा पाय कसा आहे?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

बंद यंत्र दुरूनच जागे करण्याचीही युक्ती असते म्हणतात. आमच्याकडे ती अजून बसवलेली नाही. बटणाजवळ ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी डकवा, असे एका सहकाऱ्याने सुचवले. मी डकवली नाही. मी गावाला निघणार असे कळले, की मामाच आदल्या दिवशी दारात उभे राहून विचारतात, “मॅडम, मशीन जागं ठेवायचं, का झोपवायचं?”