कुस्ती बघायला आलात? मग उतरणार कुठे?

मराठी विभागाच्या संपादकांनी विचारलं, "तू कॉन्व्हेंटवाला, तुला जमेल का?" म्हणून हा लेख. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी तपासलंय, तेव्हा उरलेल्या चुका निम्म्या त्यांच्या!

तर झालं असं. गेल्या दिवाळीत मी नाशिकला घरी गेलो तेव्हा शाळेतल्या मित्रांसमोर सांगलीची भरपूर टिमकी वाजवली. आमच्याकडे (दोन वर्षांत मी 'आमच्याकडे' म्हणायला लागलोय) मातीतली कुस्ती अशी असते, हलगी अशी वाजते, पब्लिक असं बसतं... आणि यात्रांचा सीझन सुरू झाल्यावर एका गुरुवारी रात्री फोन आला. "शनिवारी येतोय आम्ही तिघं. मैदान बघायचंय. तुझ्या रूमवरच झोपू."

होस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला हा फोन कधी ना कधी येतो. कुणाचा मित्र कबड्डी बघायला येतो, कुणाचा मामेभाऊ बुद्धिबळाच्या स्पर्धेला. पुढचे दोन दिवस मी जे काही शिकलो ते तुम्हाला आयतं मिळावं म्हणून लिहितोय.

आधी एक स्पष्ट करतो. क्रिकेट बघायला सांगलीत कुणी येत नाही. विजय हजारे यांचा जन्म इथला, १९१५ चा. स्मृती मानधना इथेच लहानाची मोठी झाली. पण मोठी मॅच बघायची तर सांगलीकरालाच गाडी काढून पुण्याजवळ गहुंज्याला जावं लागतं. बाहेरून माणसं इथे येतात ती मुख्यतः दोन खेळांसाठी, कुस्ती आणि बुद्धिबळ. एका खेळात हलगी कडाडते आणि दुसऱ्यात पेन पडलं तरी लोक वळून बघतात. राहण्याच्या गरजाही तितक्याच वेगळ्या.

आता मुक्काम. होस्टेलची रूम विसरा. रेक्टरसरांच्या परवानगीशिवाय पाहुणा रात्री ठेवायचा नाही हा नियम सगळ्यांना माहीत आहे आणि तो किती जण पाळतात हेही सगळ्यांना (रेक्टरसरांनासुद्धा) माहीत आहे. एकाला गादीखाली खपवता येईल, पण तीन नाशिककर? तेही मोठ्याने बोलणारे? मी रीतसर विचारायला गेलो. सर म्हणाले, "जेवायला आण, गेस्ट कूपन घे. झोपायला नाही." विषय संपला.

मग शुक्रवारी संध्याकाळी लेक्चरनंतर रूमपार्टनरला घेऊन निघालो. हा पलूसच्या बाजूचा. वजन बावन्न किलो, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. त्याच्याच गावच्या यात्रेचं मैदान होतं. आधी विश्रामबाग पालथं घातलं. इथली हॉटेलं चांगली आहेत, पण ती लग्नाची वऱ्हाडं आणि कंपन्यांचे साहेब यांच्यासाठी. आमच्या खिशाला न झेपणारी. मग सांगली एस.टी. स्टँडच्या आसपास गेलो. तिथे साधी लॉजेस आहेत. पण शनिवारी लग्नाची तिथी, सगळीकडे "फुल्ल". एका ठिकाणी काउंटरवरच्या काकांनी आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "स्टुडंटला देत नाही" म्हणाले. का, तर म्हणे पोरं दंगा करतात. मला तेव्हा फार राग आला होता. चोवीस तासांनी तो राग कुठे गेला ते पुढे येईलच.

शेवटी पैलवान म्हणाला, "चल मिरजेला. तिथं गाद्या मिळतात."

आणि खरंच मिळतात! नव्या पाहुण्याला सांगायला हवी ती मुख्य गोष्ट हीच. सांगली आणि मिरज ही एकाच महानगरपालिकेतली दोन गावं, आपण बरोबर मध्ये. पण पाहुण्याच्या दृष्टीने दोन्हींचा स्वभाव वेगळा. सांगली बाजारपेठेचं गाव. हळद, बेदाणे, गूळ; व्यापारी येतो, सौदा करतो, संध्याकाळी परत जातो. मिरज हे थांबण्याचं गाव. एक तर ते जंक्शन आहे. पुणे, बेळगाव, कोल्हापूर आणि पंढरपूर अशा चारी बाजूंच्या लाइनी तिथे मिळतात. (विश्रामबागलाही स्टेशन आहे, पण तिथे पॅसेंजरच थांबते. पाहुण्याला "विश्रामबागला उतर" सांगून फसवू नका.) आणि दुसरं म्हणजे दवाखाने. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आता गल्लोगल्ली डॉक्टरांच्या पाट्या. अथणी, जमखंडी, विजापूर, जत, सोलापूर अशा कुठून कुठून पेशंट येतात. पेशंटला हॉस्पिटलात कॉट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेल्या माणसांनी राहायचं कुठे? त्यांच्यासाठी ही लॉजेस आणि साध्या खोल्या. म्हणून त्या स्वस्त, म्हणून त्या रात्री-अपरात्री उघड्या, म्हणून त्यांच्या शेजारी खानावळी. मैदान बघायला आलेला शौकीन मिरजेत झोपतो तो पेशंटच्या नातेवाइकांसाठी उभ्या राहिलेल्या गादीवर. हे मला शुक्रवारी कळलं नव्हतं. मला फक्त रूम मिळाली होती, चार गाद्यांची.

दर लिहीत नाही, कारण मॅगझिन छापून येईपर्यंत ते बदललेले असतात. पण प्रत्येकाचं ओळखपत्र आणायला सांगा, फोनमधल्या फोटोवर बरेच ठिकाणी चालत नाही. स्टेशनवरच्या विश्रांतिगृहाचा सल्ला देणारे खूप भेटतात, पण ती खोली ज्याच्याकडे रेल्वेचं पक्कं तिकीट आहे त्यालाच मिळते.

शनिवारी दुपारी नाशिककर आले. मेसमध्ये गेस्ट कूपनवर जेवले (फीस्ट नव्हती, बिचारे!) आणि आम्ही पैलवानाच्या गावी निघालो. एस.टी. नाहीतर वडाप. वडाप म्हणजे माणसं कोंबून भरणारी जीप, नाशिकच्या लोकांना हा शब्दच फार आवडला.

जेवणाचं तिथे विचारूच नका. यात्रेत पहिल्या दिवशी गोडा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी खारा. मैदान खाऱ्या दिवशी होतं, म्हणजे घराघरात मटण शिजत होतं. पैलवानाच्या आईंनी आम्हाला पंगतीला बसवलं. बाहेर ओट्यावर अनोळखी माणसंही जेवत होती. मी विचारलं, "हे कोण?" तर म्हणाल्या, "असतील कुणाचं तरी पै-पाव्हणं. मैदानाला आल्यात म्हंजी उपाशी कशी जातील?" माझा एक मित्र शाकाहारी. त्याला आमटी, भात, पोळी असं वेगळं वाढलं आणि तो लाजतोय म्हणून तूप दोनदा वाढलं. सांगायचा मुद्दा, गावातलं मैदान असेल तर जेवणाची काळजी करू नका, पण ओळखीच्या घरी एक तरी नारळ आणि पेढ्याचा पुडा घेऊन जा. आम्ही रिकाम्या हाताने गेलो होतो, मला अजून लाज वाटते.

मैदानाचं काय सांगू! लाल माती. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ केलेली. आधी बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग हळूहळू मोठे जोड. एक नंबरची कुस्ती लागेपर्यंत रात्र होते. मित्रांना टीव्हीवरची मॅटवरची कुस्ती माहीत होती, तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड आणि गुण. इथे लोक गुण मोजत नाहीत, पाठ टेकली का ते बघतात. घिस्सा, ढाक, एकचाक... डाव लागला की आमच्या आधी शेजारचे आजोबाच ओरडायचे. शेवटची कुस्ती चितपट झाली आणि माणसं उठून धावली. आम्हीही धावलो, का ते माहीत नाही.

मुलींसाठी दोन ओळी. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीतच झाली आणि ती जिंकली आपल्याच जिल्ह्यातल्या तुंगच्या प्रतीक्षा बागडीने. त्यामुळे आता आपल्या वर्गातल्या मुलीही मैदानाला यायचं म्हणतात. एक जण त्या दिवशी बहिणीला घेऊन आली होती. तिचं म्हणणं असं, की बसायला जागा मिळते, लोक मानाने पुढे जाऊ देतात, पण स्वच्छतागृह नसतं आणि शेवटची गाडी गेलेली असते. ती पैलवानाच्या घरीच राहिली. तेव्हा मुलींनी गावात ओळखीचं घर पक्कं केल्याशिवाय रात्रीच्या मैदानाला निघू नये. हे चूक आहे, असायला नको, पण आज तरी असंच आहे.

आम्ही मात्र एका टेम्पोच्या मागे उभं राहून मिरजेत पोचलो. रात्रीचा एक वाजला होता. अंगात नुसती हलगी! जिन्यातच आरोळ्या सुरू झाल्या. खोलीत गेल्यावर एकाने बाथरूममधली बादली उलटी केली आणि वाजवायला लागला, दुसऱ्याने मला गादीवर घिस्सा मारला. मी चितपट. सगळे बोंबलले.

दारावर टकटक झाली. मला वाटलं मॅनेजर. बाहेर पन्नाशीचे एक गृहस्थ उभे. धोतर, बनियन, खांद्यावर टॉवेल. रागावले नव्हते. कानडी वळणाच्या मराठीत हळूच म्हणाले, "तम्मा, सकाळी सातला हिचं ऑपरेशन हाय. आता कुठं डोळा लागलाय तिचा." एवढंच. आणि आपल्या खोलीत गेले. हॉस्पिटलात रात्री कॉट रिकामी झाली नव्हती म्हणून पेशंटच लॉजवर होती, आमच्या भिंतीपलीकडे.

मी कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं 'सॉरी' म्हणायला शिकलो. त्या वेळी तोंडातून एक शब्द फुटला नाही. बादली सरळ केली, दिवा घालवला. अंधारात कुणीच झोपलं नव्हतं हे श्वासांवरून कळत होतं. मला एस.टी. स्टँडजवळचे ते "स्टुडंटला देत नाही"वाले काका आठवत होते.

सकाळी आठला खाली खानावळीत गेलो तर ते गृहस्थ चहा घेत बसलेले. समोर बशीत चहा तसाच गार झालेला. मिरजेच्या या खानावळींत एका पातेल्यात रस्सा असतो आणि शेजारच्या पातेल्यात पेशंटसाठी मऊ भात नाहीतर मुगाची खिचडी, डबा भरून देतात. मी जवळ जाऊन कसंबसं म्हटलं, "काका, रात्री आमचं चुकलं." ते म्हणाले, "आत घेतलंय तिला. दोन तास म्हणाल्यात." मग थोडा वेळ गप्प. मग अचानक, "मैदानाला गेलता काय? एक नंबरची कुणी मारली?"

आम्ही सांगितलं. कुठल्या डावावर, ते विचारलं. मित्राने टेबलावर मीठदाणी आणि पाण्याचा ग्लास घेऊन तो घिस्सा दाखवायचा प्रयत्न केला, चुकीचा. काकांनी ग्लास आपल्याकडे ओढला आणि बरोबर करून दाखवला. तरुणपणी तेही लढायचे म्हणे, जमखंडीकडच्या मैदानांत. दोन तास आम्ही तिथेच बसलो. नाशिककरांची गाडी दुपारची होती, घाई नव्हती. दहाच्या सुमारास त्यांचा मुलगा सांगत आला, बाहेर आणलंय, शुद्धीवर येतेय. काका उठले, आमच्या चहाचे पैसे त्यांनी द्यायचा हट्ट धरला आणि आमचं ऐकलं नाही.

बुद्धिबळवाल्यांचं राहिलंच. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं, तेव्हापासून सांगली हे बुद्धिबळाचं गाव. उन्हाळ्याच्या सुट्टीत स्पर्धा असल्या की लहान मुलं येतात आणि त्यांच्याबरोबर आया. कुस्तीचा शौकीन एक रात्र राहतो, ही मंडळी पाच-सहा दिवस. हॉलबाहेर सतरंजीवर बसून असतात, आत काय चाललंय ते दिसत नाही, पोराच्या चेहऱ्यावरून निकाल ओळखायचा. माझ्या मते सांगलीतले सगळ्यात चिकाटीचे प्रेक्षक तेच. त्यांनी मिरजेला न जाता स्पर्धेच्या जवळ, सांगलीत किंवा विश्रामबागेत एखादी घरगुती खोली बघावी. दुपारी पोराला घरचं जेवण हवं असतं, आणि पोळी-भाजीचे डबे देणाऱ्या काकू कॉलेजच्या आसपास भरपूर आहेत. आपल्यातले निम्मे लोक मेस बंद असली की त्यांच्यावरच जगतात, पत्ता विचारा.

एखादा दिवस जास्तीचा असेल तर पाहुण्यांना नरसोबाच्या वाडीला न्या. दुपारी दत्ताचा प्रसाद मिळतो आणि बाहेर बासुंदी आणि कवठाची बर्फी. आणि जाताना प्रत्येकाच्या बॅगेत भडंग हवाच. भडंगाला चुरमुरे म्हणू नका, इथल्या माणसांना ते लागतं.

नाशिककर दुपारच्या गाडीने गेले. परवा पुन्हा मेसेज आला, "या वर्षीचं मैदान कधी? रूम बघून ठेव." मी बघून ठेवलीय. त्याच लॉजमध्ये, गच्चीच्या जिन्याजवळची. शेजारी पाण्याची टाकी आहे, खोली नाही.