अंगणातलं पाणी आणि खड्ड्यातली मोटर

वर्धा जिल्ह्यात पावसाळ्यात आवारात पाणी साचू लागलं की बहुतेक घरांत पहिला विचार मोटरीचा होतो. एक खड्डा खणायचा, त्यात मोटर सोडायची, बटण दाबलं की पाणी बाहेर. ही व्यवस्था उपयोगाची आहे, आणि काही घरांना तिच्यावाचून गत्यंतरच नाही. पण इथल्या काळ्या मातीत मोटर हे पाण्याच्या वाटेचं शेवटचं टोक असतं. अलीकडची वाट केलेली नसेल तर मोटर विजेचं बिल तेवढं वाढवते आणि अंगणातला चिखल जागच्या जागी राहतो.

याचं कारण मातीच्या स्वभावात आहे. हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी या पट्ट्यात खोल काळी जमीन आहे. तिच्यातले चिकणमातीचे बारीक कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. मे महिन्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, म्हणून मृगाचा पहिला पाऊस गडप होतो आणि निचरा उत्तम आहे असं वाटतं. पुढे माती फुगून भेगा मिटल्या की तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत मुरतं. बाकीचं वर तुंबतं आणि जे आत गेलं ते मातीच्या कणांनी घट्ट धरलेलं असतं. मोटर उचलते ते खड्ड्यापर्यंत आलेलं पाणी. मातीने धरलेलं पाणी ओढून घेणं तिला जमत नाही. म्हणून खड्डा रिकामा झालेला असतो आणि दहा फुटांवरचं डबकं मात्र जसंच्या तसं राहतं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. सोयाबीनच्या वावरात पाणी साचलं की तो आधी चर काढून देतो. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची जी पद्धत विकसित केली, तिचाही गाभा हाच आहे: जास्तीचं पाणी मातीत शिरून अडकण्याआधीच त्याला हलक्या उताराने बाहेरची वाट द्यायची. वावराचा हा नियम घराच्या आवारात विसरायचं काही कारण नाही.

पाण्याचा हिशेब अवघड नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. महसूल खातं चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पावसाला अतिवृष्टी म्हणतं. तेवढा पाऊस हजार चौरस फुटांच्या अंगणात पडला तर सुमारे ६,००० लिटर पाणी होतं. शेजारी आठशे चौरस फुटांचं छप्पर असेल आणि त्याच्या पन्हाळी अंगणातच सुटत असतील, तर आणखी ४,८०० लिटर. हाच पाऊस दोन तासांत कोसळला तर मोटरीला मिनिटाला नव्वद लिटर उपसावे लागतील. अर्ध्या एचपीची निचऱ्याची मोटर चार-पाच मीटर उंचीवर शंभराच्या आसपास देते, म्हणजे ती सतत शिकस्त करत राहणार. पन्हाळीचं पाणी वेगळ्या पाइपने थेट टाकीत किंवा नालीत नेलं की हेच काम जवळपास निम्म्यावर येतं. चार-दोन पाइप आणि एका प्लंबरचा दिवस एवढ्यात जे होतं, त्यासाठी दुप्पट ताकदीची मोटर घेणं मला पटत नाही. दुकानात मोटरीच्या पाटीवर पाण्याचा आणि उंचीचा असे दोन मोठे आकडे असतात. ते दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत; जितकं उंच चढवाल तितकं पाणी कमी येतं. पाटीवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याकडे बघून मोटर घेणाऱ्याची निराशा ठरलेली.

मग मोटर लागते कोणाला? हे ठरवायला गवंड्याची पारदर्शक पाणीनळी पुरते. नळीत पाणी भरून एक टोक अंगणाच्या सर्वांत सखल कोपऱ्यात धरायचं, दुसरं रस्त्याकडेच्या नालीपाशी. नालीचा तळ अंगणापेक्षा खाली असेल, तर शंभर फुटांना एक फूट उतार देऊन काढलेला चर पाणी फुकट वाहून नेईल, वीज असो वा नसो. पण जुन्या वस्त्यांमध्ये जुना रस्ता न उखडता त्यावर नवा थर चढत गेला आणि अनेक घरांची आवारं रस्त्यापेक्षा खाली गेली. तिथे उताराने पाणी निघूच शकत नाही. मोटर खरी या घरांसाठी आहे.

तिचा खड्डा नीट व्हायला हवा. जागा सर्वांत सखल कोपऱ्यातली, पण भिंतीपासून लांब, कारण पायाजवळची काळी माती एकदा ओली, एकदा कोरडी होत राहिली तर भिंतीला तडे जातात. तीन फूट व्यासाची, एक फूट उंचीची सिमेंटची रिंग सुमारे २०० लिटर पाणी धरते. अशा चार रिंगा एकावर एक बसवल्या की घरगुती खड्डा झाला. रिंगांच्या बाहेर चहूबाजूंनी गिट्टी भरायची, म्हणजे फुगणारी माती थेट अंगावर येत नाही आणि आजूबाजूचं पाणी झिरपून आत यायला वाट राहते. अंगणातून येणारा चरही गिट्टीचा. त्यात भोकांचा पाइप टाकला तर त्याला जाळीदार कापड गुंडाळावं, नाहीतर एका पावसाळ्यात गाळाने पाइप बंद होतो. तळाशी गिट्टीच्या थरावर शहाबादी फरशी ठेवून मोटर तिच्यावर उभी करायची. विहिरीतल्या स्वच्छ पाण्याची मोटर इथे चालत नाही, गढूळ पाण्याची मड पंप जातीची घ्यावी. फ्लोट स्विच असा बांधावा की पाणी दोन रिंगा चढल्यावर मोटर सुरू व्हावी आणि तळाशी वीतभर राहिलं की बंद. मध्ये सुमारे २५० लिटरचं अंतर मिळतं, मोटर सारखी चालू-बंद होत नाही आणि जळत नाही. बाहेर जाणाऱ्या पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर वर चढवलेलं पाणी मोटर थांबताच परत खड्ड्यात येतं. मोटर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पाइपाला खिळ्याएवढं भोक पाडून ठेवलं तर अडकलेली हवा निघून जाते आणि मोटर कोरडी फिरत नाही.

यावर पहिला आक्षेप विजेचा, आणि तो रास्त आहे. वादळी पाऊस आणि वीज जाणं बरोबरच येतं. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ही मोटर सुरू होईलच असं नाही, कारण सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. पण या आक्षेपाने माझंच म्हणणं पक्कं होतं. पन्हाळी वळवलेल्या, चर काढलेल्या आवारात वीज तासभर नसली तरी पाणी पायरीला लागत नाही. सगळा भार मोटरीवर टाकलेल्या आवारात लागतं. मग सुरक्षितता. स्विच आणि प्लग पाण्याच्या कमाल पातळीच्या बरेच वर, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. यात काटकसर नको. आणि मोटर चालू असताना साचलेल्या पाण्यात कोणीही पाय घालू नये.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात पावसाचं पाणी उपसून फेकायचं? छपराच्या पाण्याबाबत मी याच्याशी पूर्ण सहमत आहे. ते स्वच्छ असतं, गाळणीतून विहिरीत किंवा बोअरच्या पुनर्भरणाला द्यावं. अंगणातल्या पाण्याचं तसं नाही. त्यात गुरांचं शेण, सेप्टिक टँकचा पाझर, गाडीचं ऑइल मिसळतं. ते विहिरीत सोडणं म्हणजे पिण्याच्या पाण्याशी खेळ. मुरवायचंच असेल तर काळ्या थराखालच्या मुरमापर्यंत नेलेल्या शोषखड्ड्यात मुरवावं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे करून सांडपाण्याची उघडी गटारं बंद केली. वर्ध्याच्या खोल काळ्या जमिनीत मुरूम बराच खाली लागतो, तेव्हा आधी खणून पाहावं. शेजाऱ्याच्या सांदवाडीत पाइपाचं तोंड सोडणं हा मात्र उपाय नव्हे.

चार महिन्यांच्या पावसासाठी एवढा खर्च कशाला, असंही विचारलं जातं. गांधीजी १९३६ साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले आणि त्याच वर्षी मलेरियाने आजारी पडून त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून निचऱ्याचा हिशेब भिंतीच्या ओलीपुरता धरू नये, घरातल्या तापाच्या खर्चासकट धरावा. मोटरीचा खड्डा उघडा राहिला तर डासांना तीच जागा सोयीची होते, कारण तळाचं वीतभर पाणी कधी निघत नाही. त्यावर मुलाचं वजन पेलेल असं घट्ट झाकण हवं, फटींना जाळी हवी. मेच्या शेवटी गाळ काढावा आणि खड्ड्यात पाणी ओतून फ्लोट उचलतो का, व्हॉल्व्ह अडकला नाही ना, हे पाहून घ्यावं. एकाच गल्लीतली पाच-सहा घरं रस्त्याखाली गेली असतील तर पाच-सहा मोटरींऐवजी ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला सांगून एकच सामाईक चर आणि एकच मोठा खड्डा करून घेणं स्वस्तात पडतं, आणि पाइपाच्या तोंडावरून होणारी भांडणंही टळतात.