करड्या रंगातली माणसे

दुःखाचे चित्र म्हटले की आपल्यापुढे रडणारी बाई उभी राहते, नाहीतर प्रेत. एमी शेराल्ड ह्या काळ्या अमेरिकन चित्रकर्तीने दोन्ही नाकारली आहेत. ‘अमेरिकन सब्लाइम’ हे तिचे एकटीचे व्यक्तिचित्र-प्रदर्शन नोव्हेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरले, एप्रिल २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेले. मी ही चित्रे छापील प्रतिकृतींतच पाहिली. तालुक्याच्या कॉलेजातल्या मास्तराला तेवढेच परवडते. पण त्यातल्या एका चित्राविषयी आपल्या कार्यकर्त्यांशी बोलायचे आहे.

ब्रिओना टेलर ही लुईव्हिल शहरातली सव्वीस वर्षांची, वैद्यकीय सेवेत काम करणारी मुलगी. १३ मार्च २०२० रोजी मध्यरात्रीनंतर पोलीस झडतीसाठी दार फोडून घरात शिरले आणि त्यांच्या गोळ्यांनी ती मेली. त्याच वर्षी एका मासिकाच्या मुखपृष्ठासाठी शेराल्डने तिचे तैलचित्र केले. शेराल्ड एरवी माणूस समोर उभा करून, त्याचे फोटो काढून रंगवते. इथे माणूसच उरला नव्हता. म्हणून तिच्यासारख्या बांध्याची दुसरी बाई उभी करावी लागली.

चित्रात रक्त नाही, बंदूक नाही. निळसर-हिरव्या पार्श्वभूमीवर तशाच रंगाचा झगा घालून, कमरेवर हात ठेवून ब्रिओना आपल्याकडे पाहते. बोटात अंगठी आहे. तिचा मित्र तिला मागणी घालणार होता. ती अंगठी जिवंतपणी तिच्या बोटात चढलीच नाही. चित्रात ती चढली आहे.

आणि कातडी करडी. शेराल्ड सगळ्याच माणसांची कातडी अशी रंगवते. त्यामागे जुने कृष्णधवल फोटो आहेत; डू बॉइस यांनी १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेले काळ्या माणसांचे फोटोही आहेत. कातडी पाहूनच जिथे माणसाचा निवाडा होतो, तिथे तो रंग काढून घेतला की पाहणाऱ्याला नजर, कपडे, उभे राहण्याची ढब पाहावी लागते. ही पळवाट आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही.

१९५५ साली एमेट टिलच्या आईने मुलाची शवपेटी उघडी ठेवली, ते आवश्यकच होते. आपल्याकडे २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली. त्यांच्या प्रेतांचे फोटो हातोहात फिरले, माणसे रस्त्यावर आली. तेही आवश्यक होते. पण त्या घरातली शिकणारी मुलगी हसताना कशी दिसायची, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? (माझ्या आजीचा एकुलता एक फोटो ती मेल्यावर खुर्चीत बसवून काढलेला आहे. वस्तीत अशी घरे पुष्कळ.) पुरावा म्हणून आपण आपली प्रेते जपली. जगणे जपायचे राहून गेले, आणि त्यामुळे आपला शोकही अर्धाच राहिला.

ब्रिओनाचे चित्र लुईव्हिलचे संग्रहालय आणि वॉशिंग्टनचे आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय ह्यांनी मिळून विकत घेतले. त्या पैशातून शेराल्डने लुईव्हिल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या उभ्या केल्या. दुःखावरच्या इलाजाची ही रीत चवदार तळ्याच्या वारसांना अनोळखी वाटू नये.

हे प्रदर्शन पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र-दालनात जायचे होते. स्वातंत्र्यदेवतेच्या रूपातल्या एका तृतीयपंथी स्त्रीचे चित्र वगळले जाईल असे दिसताच शेराल्डने जुलै २०२५ मध्ये अख्खे प्रदर्शनच काढून घेतले. नोव्हेंबरात चित्रे बाल्टिमोरला लागली. त्याच शहरात पस्तिशी उलटेपर्यंत ती हॉटेलात टेबलांवर जेवण वाढत होती.